अंधांचा फुटबॉल: कानाला चेंडू कसा दिसतो

२४ फेब्रुवारी २०१० रोजी आमच्या ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंह स्टेडियमवर सचिनने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद दोनशे केले. पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधलं ते पहिलं द्विशतक. त्या संध्याकाळचा गोंगाट आमच्या शहरातल्या लष्कर भागातल्या माणसांना अजून आठवतो. आता असा एक खेळ डोळ्यांपुढे आणा, ज्यात निम्मासुद्धा गोंगाट झाला तर पंचांना सामना थांबवावा लागेल. २०२४ मध्ये पॅरिसला आयफेल टॉवरच्या पायथ्याशी अंधांच्या फुटबॉलचे पॅरालिम्पिक सामने झाले. तिथल्या प्रेक्षकांना चेंडू खेळात असेपर्यंत गप्प बसावं लागत होतं. ओरडायची मोकळीक होती ती गोल झाल्यावर.

मी लग्नकार्यांत आणि गाण्याच्या कार्यक्रमांत साउंड लावणारा माणूस. आवाज म्हटलं की आमच्या धंद्यातले लोक आधी तो वाढवायचा विचार करतात. या खेळाने मात्र अगदी उलटं गणित मांडलंय. दिसत नसलेल्या माणसाला पळत्या चेंडूवर खेळता यावं म्हणून इथे प्रत्येक आवाज मोजून-मापून ठेवलेला आहे आणि उरलेले सगळे काढून टाकलेले आहेत. तंत्रज्ञान म्हटल्यावर आपल्याला लगेच इअरफोन आणि सेन्सर आठवतात. त्यांच्याकडे येईनच, पण खरी करामत त्यांच्या आधीची आहे.

खेळाची रचना पटकन सांगतो. मैदान ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद. लांबीच्या दोन्ही कडांना मीटर-सव्वा मीटर उंचीच्या फळ्या, म्हणजे चेंडू तिथून बाहेर जातच नाही. प्रत्येक संघात चार अंध खेळाडू आणि एक गोलकीपर. गोलकीपरला दिसतं, पण त्याला गोलसमोरच्या एका छोट्या चौकटीबाहेर येता येत नाही. चौघांच्याही डोळ्यांवर पट्टी असते, कारण कोणाला थोडा उजेड जाणवतो आणि कोणाला तोही नाही. पट्टी बांधली की सगळे सारखे. २००४ मध्ये अथेन्सला हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये आला. तिथपासून टोकियोपर्यंतची पाचही सुवर्णपदकं ब्राझीलने नेली. पॅरिसला फ्रान्सने अर्जेंटिनाला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून ती मालिका मोडली.

आता चेंडू. नेहमीच्या फुटबॉलचा घेर ६८ ते ७० सेंटीमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम. अंधांच्या फुटबॉलचा घेर ६० ते ६२ सेंटीमीटर, वजन मात्र ५१० ते ५४० ग्रॅम. लहान आणि जड, म्हणून तो फारसा उसळत नाही, जमिनीलगत राहतो. आत पातळ धातूच्या छोट्या डब्या बसवलेल्या असतात आणि त्यांत बारीक छर्रे. चेंडू फिरला की छर्रे डबीच्या भिंतीवर आपटतात आणि खुळखुळ ऐकू येते. बस, एवढंच. ना बॅटरी, ना बटण.

एवढ्या साध्या खुळखुळ्यावर पॅरालिम्पिकचा खेळ कसा चालतो, हे समजायला आपण आवाजाची दिशा कशी ओळखतो ते बघावं लागेल.

हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. डोक्याला वळसा घालून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचं अंतर वीस-बावीस सेंटीमीटर. तुमच्या बरोबर उजवीकडे चेंडू खुळखुळला तर तो आवाज डाव्या कानाला उजव्यापेक्षा सेकंदाच्या सुमारे दीड हजाराव्या भागाइतका उशिरा पोचतो. हा फरक जास्तीत जास्त. चेंडू जसजसा समोर येईल तसतसा तो कमी होत जातो आणि बरोबर नाकासमोर आला की शून्य. परिस्थिती चांगली असेल तर आपला मेंदू सेकंदाच्या लाखाव्या भागाएवढा फरकसुद्धा ओळखतो. हे गणित आपण सगळेच दिवसभर करत असतो. आपल्याला पत्ता नसतो, कारण डोळे आधीच उत्तर सांगून मोकळे झालेले असतात.

दुसरी खूण जोराची. खर्जाचा आवाज डोक्याला वळसा घालून पलीकडच्या कानाला आरामात पोचतो, पण वरच्या पट्टीतल्या आवाजाला डोकं आड येतं आणि पलीकडच्या कानाला तो दबका ऐकू येतो. या दोहोंमधली हद्द सेकंदाला दीड हजार कंपनांच्या आसपास पडते, कारण तिथे ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ डोक्याएवढी होते. त्याच्या खाली मेंदू मुख्यतः वेळेतल्या फरकावर भिस्त ठेवतो, वर जोराच्या फरकावर.

पण एक पंचाईत उरतेच. चेंडू समोर उजव्या कोपऱ्यात असला काय आणि मागे उजव्या कोपऱ्यात असला काय, दोन्ही कानांमधला फरक सारखाच पडतो. पुढचं आणि मागचं कसं ओळखायचं? इथे बाहेरच्या कानाच्या घड्या कामाला येतात. पुढून, मागून, वरून येणारा आवाज या घड्यांवर वेगवेगळा आपटतो आणि त्याच्या वरच्या कंपनांतली काही दबतात, काही उठतात. प्रत्येकाच्या कानाची ठेवण वेगळी आणि प्रत्येकाचा मेंदू आपल्याच कानांना सरावलेला. तरीही शंका राहिली तर मान किंचित वळवायची. दिशा लगेच पक्की होते.

आता रातकिडा आठवा. रात्री खोलीत कुठेतरी किर्र करतो, आपण बॅटरी घेऊन अर्धा तास शोधतो आणि तो काही सापडत नाही. त्याचा आवाज जवळजवळ एकाच उंच सुराचा असतो. त्यात खर्ज नाही, ठोस सुरुवात नाही, वेगवेगळ्या कंपनांचं मिश्रण नाही. मेंदूला हव्या असलेल्या तीन खुणांपैकी दोन गायब. घुंगरू मात्र आंधळ्या कोशिंबिरीतसुद्धा लगेच सापडतं, कारण प्रत्येक ठोक्याला धारदार सुरुवात असते आणि एकाच ठोक्यात खालपासून वरपर्यंतची कंपनं असतात.

चेंडूत बीप-बीप करणारी चकती का नको, खुळखुळाच का हवा, याचं उत्तर यातच आहे. कानाला मोठा आवाज नको असतो, मिसळलेला आणि तुटक आवाज हवा असतो. आमच्या धंद्यातली कित्येक मंडळी हे ऐकून घेणार नाहीत, पण आहे हे असं आहे.

बीपचा प्रयोग झालाच नाही असं नाही. अमेरिकेत १९६४ मध्ये चार्ली फेअरबँक्स नावाच्या टेलिफोन कंपनीतल्या इंजिनियरने बेसबॉलच्या चेंडूत बीप करणारं यंत्र बसवलं आणि तिथे अंधांचा तो खेळ आजही चालतो. पण त्यात फटका मारल्यावर चेंडू शोधायचा असतो. धावत्या गर्दीत तो पायांत खेळवत न्यायचा नसतो. अंधांचं क्रिकेट मात्र खुळखुळ्याच्याच घराण्यातलं. १९२२ मध्ये मेलबर्नच्या एका कारखान्यातल्या अंध कामगारांनी डब्यात खडे भरून ते सुरू केलं. आपल्याकडच्या अंध क्रिकेटचा प्लास्टिकचा चेंडूही छर्ऱ्यांवरच वाजतो.

खुळखुळ्याची एक मोठी खोट आहे. चेंडू थांबला की तो मुका. हवेत न फिरता सरळ गेला तरी जवळजवळ मुकाच. खेळाडूंनी यावर आपल्या पायांनीच तोड काढली आहे. अंध फुटबॉलपटू चेंडू लांब ढकलून मागे धावत नाहीत. दोन्ही पावलांच्या आतल्या बाजूंनी तो सतत इकडून तिकडे टिचकावत नेतात. त्यामुळे चेंडू ताब्यात राहतो आणि वाजतही राहतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती एक लकब वाटते, पण खेळाडू खरं तर चेंडूला बोलतं ठेवत असतो.

अंध माणसाचे कान जन्मतःच तिखट असतात असं आपण सहज म्हणून जातो. कान तुमच्याआमच्यासारखेच असतात. फरक पडतो तो सरावाने आणि मेंदूच्या वाटणीने. लहानपणापासून अंध असलेल्यांमध्ये मेंदूचा दृष्टीसाठी असलेला भाग आवाजाच्या कामाला लागतो, हे संशोधनात दिसून आलं आहे. म्हणून कृपा करून ‘देवाने एक काढून घेतलं, दुसरं दिलं’ हे पालुपद इथे नको. त्या पोराने तासन्‌तास घाम गाळलेला असतो.

आता माणसांचे आवाज. मैदानावर आठ खेळाडू, दोन गोलकीपर, दोन प्रशिक्षक आणि दोन गाइड. सगळे एकदम बोलू लागले तर चेंडूची खुळखुळ कोणाला ऐकू येणार? म्हणून बोलण्याचेच नियम केलेत आणि मला या खेळातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच वाटते. मैदानाचे आडवे तीन भाग. चेंडू आपल्या गोलजवळ असताना आपला गोलकीपर बोलणार. मध्यात आला की कडेला उभा असलेला प्रशिक्षक. समोरच्या गोलजवळ पोचला की त्या गोलच्या मागे उभा असलेला आपला गाइड. म्हणजे एका वेळी एका संघाचा एकच मार्गदर्शक आवाज. त्यातही गंमत अशी की गाइड गोलच्या मागे उभा असल्यामुळे त्याचा आवाज ज्या दिशेने येतो तीच गोलची दिशा. ‘डावीकडे दोघं, मार!’ या वाक्यातल्या शब्दांइतकंच ते वाक्य कुठून आलं हेही कामाचं असतं.

दुसरा नियम ‘वॉय’चा. समोरच्याकडून चेंडू काढून घ्यायला जाणाऱ्या बचावपटूने ‘वॉय’ असं मोठ्याने म्हणत जायचं. शब्द स्पॅनिश आहे, अर्थ ‘मी येतोय’. म्हटलं नाही तर फाउल. उद्देश अर्थातच धडक टाळायचा, पण त्याचा परिणाम त्याहून मोठा होतो. चेंडू घेऊन चाललेल्या खेळाडूला प्रतिस्पर्धी कुठून आणि किती वेगाने येतोय याचा आयता नकाशा मिळतो आणि तो त्याच्या उलट बाजूला सटकतो. सुरक्षेचा नियम असा डावपेचाचा भाग झाला.

पेनल्टीच्या आधी गाइड धातूची वस्तू घेऊन गोलच्या दोन्ही खांबांवर टकटक करतो. आधी एका खांबावर, मग दुसऱ्यावर. पेनल्टी सहा मीटरवरून आणि गोल ३.६६ मीटर रुंद. मारणाऱ्याच्या कानात त्या दोन टकटकींमध्ये साधारण ३४ अंशांचा कोन पडतो. बरोबर समोरच्या आवाजाची दिशा माणूस शांततेत एखाद्या अंशाच्या चुकीने सांगू शकतो, आणि सहा मीटरवर एक अंश म्हणजे फक्त दहा सेंटीमीटर. बाजूच्या आवाजाला मात्र ही अचूकता राहत नाही. खेळाडू डोळ्यांवर पट्टी असूनही चेंडूकडे तोंड का फिरवतात, ते यावरून कळावं. समोरच्या पट्ट्यात कान सगळ्यात तेज चालतात. वर-खालच्या अंदाजात कान जरा कच्चेच असतात, म्हणून जमिनीलगत राहणारा जड चेंडू सोयीचा.

मग सामना बंद हॉलमध्ये का घेत नाहीत? बाहेरचा गोंगाट नाही, ऊन नाही, वारा नाही. हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला आहे. हिशोब मांडून दाखवतो. ४५ मीटर लांब, २५ रुंद आणि १० मीटर उंच हॉल घ्या. सिमेंटच्या भिंती, पत्र्याचं छत, लाकडी जमीन. सगळे पृष्ठभाग मिळून आदळणाऱ्या आवाजाचा सरासरी एक दशांश भाग शोषतात असं धरलं, तर टाळी वाजवल्यावर तिचा घुमारा पूर्ण विरायला जवळपास पाच सेकंद लागतात. पाच सेकंदांत चेंडू मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला जाईल आणि त्याचा मघाचा आवाज अजून छताखाली फिरत असेल! मेंदू तसा चलाख. तो पहिल्यांदा पोचलेल्या आवाजालाच खरा मानतो आणि लगेच मागून आलेले प्रतिध्वनी दिशेच्या हिशोबात धरत नाही. पण छर्ऱ्यांची खुळखुळ अखंड चाललेली असते. आधीच्या ठोक्याचा घुमारा पुढच्या ठोक्याची सुरुवात झाकून टाकतो आणि हीच चलाखी तिथे लंगडी पडते. म्हणून हा खेळ मोकळ्यावर. डोक्यावर छत नाही, उरल्या फक्त कडेच्या फळ्या, आणि त्यांचा उलट फायदाच होतो. चेंडू फळीवर धपकन आदळला की मैदानाची कड कुठे आहे ते सगळ्यांना कळतं.

बाहेरच्या गोंगाटातही डावं-उजवं असतं. भारी खर्जाचा आवाज त्याच्या वरच्या पट्टीतल्या नाजूक आवाजांना गिळतो. उलटं सहसा होत नाही. म्हणून दूरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या वरातीचं डीजे कानाला फार मोठं वाटलं नाही तरी खुळखुळीतल्या खालच्या-मधल्या खुणा पुसून टाकू शकतं. पोटावर पाय आला तरी सांगतो, माझे स्वतःचे बेसचे खोके या खेळाचे पक्के वैरी आहेत. वाराही कमी नाही. मे महिन्यात दुपारी कानांवरून लू वाहते तेव्हा ती कानाच्या घड्यांतच घरघर करते. हवा तापली की आवाजाचा वेगही वाढतो. पाच अंशांच्या थंडीत सेकंदाला सुमारे ३३४ मीटर असतो, तो ४५ अंशांच्या उन्हात ३५८ च्या आसपास जातो. पण दोन कानांमधल्या फरकावर त्याचा परिणाम नगण्य, ती काळजी नको.

आता तुम्ही वाट पाहत असलेले इअरफोन. कल्पना अशी: मैदानाभोवती कॅमेरे लावायचे, संगणकाने चेंडू आणि माणसं टिपायची आणि खेळाडूच्या कानात असा कृत्रिम आवाज सोडायचा की चेंडू नेमका तिथूनच वाजतोय असं वाटावं. कागदावर छान दिसतं. पण पहिली अडचण विलंबाची. नेहमीच्या ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज पोचायला सेकंदाचा सहावा-सातवा भाग सहज जातो. जोरात मारलेला चेंडू सेकंदाला दहा मीटर जात असेल तर कानाला तो जिथे ऐकू येतो तिथून तो दीड मीटर पुढे निघून गेलेला असतो. महागड्या यंत्रणेने हा विलंब बराच कमी होतो. दुसरी अडचण मान वळवण्याची. डोकं फिरलं की कानातला आवाजही त्याच क्षणी फिरला पाहिजे, नाहीतर मैदानच डोक्याबरोबर गरगरतं. तिसरी कानाच्या घड्यांची. दुसऱ्याच्या कानाच्या मापावर बनवलेला आवाज माझ्या मेंदूला पुढचा की मागचा ते नीट सांगत नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे इअरफोनने कान झाकले की ‘वॉय’ ऐकू येत नाही, गाइड ऐकू येत नाही. हाडांतून आवाज पोचवणारे हेडफोन कान मोकळे ठेवतात खरे, पण कवटी दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखीच हलवतात. त्यामुळे शब्द कळतो, दिशा धूसर होते.

सरावासाठी, एकट्याने डावपेच शिकण्यासाठी अशी यंत्रणा उपयोगी पडेल, हे मी नाकारत नाही. सामन्यात मात्र मोकळ्या कानाला तोड नाही असंच माझं मत आहे.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना खरं काम हवंच असेल तर ते चेंडूच्या मौनात पडलेलं आहे. २०२२ च्या कतार विश्वचषकात वापरलेल्या चेंडूच्या मध्यभागी एक सेन्सर टांगलेला होता आणि तो सेकंदाला ५०० वेळा चेंडूच्या हालचालीची नोंद पाठवत होता. म्हणजे लाथा खाऊनही टिकणारं यंत्र चेंडूत बसवता येतं, हे सिद्ध झालंय. तसाच सेन्सर अंधांच्या चेंडूत बसवून, चेंडू थांबला किंवा फिरायचा राहिला की तेवढ्यापुरती तुटक खरखर सुरू करायची आणि छर्रे वाजू लागले की गप्प व्हायचं. वजन ५४० ग्रॅमच्या आत ठेवायचं, तोल ढळू द्यायचा नाही आणि किंमत शाळेला परवडेल अशी. शेवटची अट सगळ्यात अवघड.

आमच्या गावात या खेळाला जागा आहे का? आहे, आणि चांगली आहे. खेळाचं शिक्षण देणारी लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था १९५७ पासून इथे आहे. २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेलं दिव्यांगांच्या खेळांचं प्रशिक्षण केंद्रही ग्वाल्हेरातच, अटलबिहारी वाजपेयींच्या नावाने. गोलचे खांब वेगळे बनवायची गरज नाही. ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच म्हणजे हॉकीचाच गोल, आणि कंपू भागात महिला हॉकी अकादमी असलेल्या गावात हॉकीचे गोल शोधावे लागत नाहीत. फळ्यांसाठी आठ बाय चार फुटांच्या प्लायच्या शीट आडव्या लावल्या तर उंची आपोआप जमते आणि दोन्ही कडांना मिळून ३३ शीट पुरतात. मागून टेकू मात्र भक्कम हवा आणि वरची धार गोल घासलेली हवी, हात तिथेच लागतो. मैदान रस्त्यापासून आणि रेल्वेच्या रुळांपासून लांबचं बघा. जनरेटर लावलाच तर फळ्यांपासून दूर, लांब केबल टाकून. वेळ सकाळची, आणि लग्नसराई नसलेली.

चेंडू मागवायला वेळ लागणार असेल तर थांबू नका. ब्राझीलसकट अनेक ठिकाणी अंध मुलांनी साधा फुटबॉल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खेळायला सुरुवात केली होती, आणि पिशवीची चुरचुर दिशा ओळखायला उत्तम, कारण तीही घुंगरासारखीच मिसळलेली आणि तुटक असते. पातळ पिशव्यांवर आता बंदी आहे आणि जाड पिशवी हवा तसा आवाज करत नाही. हिवाळ्यात आपल्याकडे घरोघरी गजकाची, म्हणजे तीळ-गुळाच्या वड्यांची, पाकिटं येतात, त्यांचं चमकदार प्लास्टिक टाकून देऊ नका. चेंडूवर दोन थर गुंडाळून वरून जाळीची पिशवी आवळली की झालं. सैल बांधलं तर पायात अडकतं.